अक्का, तुमचा डावा खांदा

अक्का, परवा तुमचं तेरावं झालं. काल सकाळी तुमचा बालाजी हैदराबादला गेला आणि दुपारच्या गाडीनं माझी सुनंदा नाशिकला गेली. जाताना दोघांनीही मला बजावलं, एकटं राहू नका. मग दोघंही मला एकटी ठेवून गेली. त्यांना तरी काय बोलायचं, नोकऱ्या आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत. मी दाराला कडी लावली, आत आले आणि लक्षात आलं की दिवसभरात मला कुणी 'मास्तरीण' म्हटलेलं नाही. गावात सगळे मला बाई म्हणतात. मास्तरीण म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते टोमणा मारायला म्हणायचं.

दहाव्याला घाटावर बायका काय बोलत होत्या, सांगू? "जाऊ असावी तर अशी." "सख्खी बहीण करनार न्हाई एवढं केलं बाईनं." मी खाली मान घालून बसले होते, आणि त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. तुमच्या बालाजीनं तर सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याला खरं माहीत नाही. सगळं खरं दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक गेली.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "लिहून काय हुतंय, बोल की." बोलणंच तर झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपलं दोघींचं पटत नव्हतं, हे आता लपवून काय करायचं? एका अंगणात दोन चुली, मधे कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून पस्तीस वर्षं चाललेली शब्दाशब्दी. सगळ्या गावानं ऐकलीय ती. पण भांडणापेक्षा वाईट एक गोष्ट माझ्या मनात होती, ती भिंतीवरून कधी बोलले नाही. तुमचं दुखणं मला खरं वाटायचं नाही. माझ्या माहेरचे येणार असले की तुमची कंबर धरायची. शाळेत स्नेहसंमेलन असलं की तुमचं डोकं उठायचं. मी ह्यांना म्हणायचे, "तुमच्या वहिनींचं दुखणं कॅलेंडर बघून येतं." हे हसायचे. मला स्वतःच्या विनोदाचं फार कौतुक होतं.

आता हिशेब सरळ दिसतो. पाहुणे आले की दोन्ही घरचं पाणी तुम्ही भरायच्या, भाकरी तुम्ही थापायच्या, कारण मी शाळेत. चुली वेगळ्या झाल्यावरसुद्धा माझा डबा तुमच्याच चुलीवरून यायचा. भिंतीवर ठेवायच्या आणि तोंड फिरवायच्या. कंबर धरणार नाही तर काय होणार? मी इतकी वर्षं पोरांना गणित शिकवलं, पण हे गणित मला सुटलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. तुम्ही उलट माझ्यावरच ओरडलात, "धर की गं!" तोंड वाकडं झालेलं, जीभ जड, पण ओरडणं मात्र जसंच्या तसं. परभणीच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, डावी बाजू गेली. बालाजी तुम्हाला हैदराबादला न्यायला निघाला होता. तुम्ही उजव्या हातानं माझ्याकडं बोट केलंत आणि म्हणालात, "ही हाय की." तेवढंच. आपल्या दोघींचे नवरे गेले, पोरं पांगली, मग राहिलं कोण, ही. त्या तीन शब्दांनी मला इतकं बरं वाटलं होतं की मी लगेच ठरवलं, अक्कांना चार महिन्यांत चालती-फिरती करून दाखवायची. पोरांना पहिल्या नंबरात आणायचं ठरवायचे तसं.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, हात हलवत राहा, नाहीतर आखडेल. कसा हलवायचा, ते मी विचारलं नाही. मला काय विचारायची सवय नाही, सांगायची सवय. सकाळ-संध्याकाळ मी तुमच्या खाटेजवळ उभी राहायची, डावं मनगट धरायची आणि हात सरळ डोक्यावर न्यायची. मोजायला पाढे. बे एके बे, हात वर. बे दुणे चार, हात खाली. बे दाहे वीस झाल्याशिवाय सोडायची नाही. आणि खाटेवरून उठवताना एक हात तुमच्या काखेत, एक मनगटाला, एक दोन तीन म्हणून ओढ. चार दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. पाचव्या दिवशी बे चोक आठला ओरडलात.

"मास्तरीण, लय दुखायलंय!"

"अक्का, दुखल्याबिगर हात कसा सुटंल? डॉक्टर म्हणले ना हलवा म्हणून."

"हलवा म्हणले. उपटा म्हणले न्हाईत."

मला हसू आलं आणि मी बे पंचे दहा म्हटलं. मग रोजच झालं. मनगटाला हात लावायच्या आधीच तुम्ही डोळे मिटायला लागलात. कुशीवर वळेनात, जेवताना घास अर्धवट टाकून खांदा धरायच्या. एकदा मी चिडले. म्हणाले, "अक्का, नाटकं पुरे झाली. जन्मभर हेच बघितलं मी." तुम्ही माझ्याकडं नुसतं पाहिलंत. भिंतीवरून एका शब्दाला चार शब्द परत करणारी बाई तुम्ही, पण त्या दिवशी काही बोलला नाहीत. मला वाटलं, पकडली चोरी.

त्यात भेटायला येणाऱ्यांची रांग. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला गेलं की हात रिकामा ठेवत नाहीत, आणि लकव्याचं माणूस असलं तर त्याचा हातही सोडत नाहीत. येणारा प्रत्येक जण खाटेवर टेकायचा आणि "बघू, उचलतो का" म्हणून तुमचा डावा हात वर न्यायचा, सोडून द्यायचा, चुकचुकायचा. एका बाजारच्या दिवशी आठ जणांनी हात उचलून टाकला. कुणी सांगितलं, पारव्याचं रक्त चोळा. तुम्ही म्हणालात, "पारव्यानं काय वाकडं केलंय माझं?" कुणी म्हणालं, खांदा निखळलाय, हाड बसवणाऱ्याला दाखवा. तेवढं मात्र मी केलं नाही. शहाणपणानं नाही, हेक्यानं. माझे पाढे चालू होते ना.

प्रज्ञा आली ती सुनंदामुळं. सुनंदानं नाशिकहून फोनाफोनी करून पूर्णेची ही फिजिओथेरपीवाली पोरगी शोधून काढली. स्कूटीवरून आली, उन्हानं लाल झालेली, आणि आल्या आल्या तुमच्या पायाशी बसली. "आज्जी, कुठं दुखतंय?" असं विचारणारी ती पहिली. दीड महिन्यात मी एकदाही असं विचारलं नव्हतं. तुम्ही खांद्याकडं बोट केलंत.

"कुणी हात ओढला होता का? उठवताना, झोपवताना?"

मी उंबऱ्यात उभी होते. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "न्हाई बा. आमच्या घरी कोन वडतंय. आपसूकच दुखायलंय."

अक्का, मला अजून समजत नाही तुम्ही तसं का म्हणालात. भिंतीवरून माझ्या सात पिढ्यांची उणीदुणी काढणाऱ्या तुम्ही, आणि हातात एवढं मोठं शस्त्र आलेलं असताना ते बाजूला ठेवून दिलंत. परक्या पोरीसमोर घरचं झाकलंत म्हणावं, तर मी तरी घरची कधी होते?

पण प्रज्ञा हुशार. ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही यांना उठवता कसं? एकदा करून दाखवा." मी पुढं झाले. एक हात काखेत, एक मनगटाला, एक, दोन... "थांबा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मग तिनं माझी दोन बोटं धरली आणि तुमच्या खांद्याच्या टोकाखाली ठेवली. तिथं खड्डा होता. हाडाच्या खाली माझी दोन्ही बोटं आत गेली.

"हात खाली उतरलाय," ती म्हणाली. "खांद्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंत जोर राहिला नाही, त्यामुळं हाताचं सगळं वजन लोंबतंय. असा हात ओढला, की आतल्या नाजूक भागांना इजा होते. आणि सरळ डोक्यावर नेला तर आत हाडांत चिमटा बसतो. जीव जातो माणसाचा."

ती मला रागावली नाही. सगळ्यांच्या घरी असंच होतं, म्हणाली. मला तिनं रागवायला हवं होतं. माझी बोटं त्या खड्ड्यात होती आणि तुम्ही डोळे मिटून घेतले होते, मनगटाला हात लावायच्या आधी मिटायच्या, तसे.

त्यानंतर मी विद्यार्थिनी झाले. बसताना डाव्या हाताखाली उशी, हात कधीही लोंबू द्यायचा नाही. झोळी फक्त चालताना, दिवसभर बांधून ठेवली तर खांदा आखडतो. उठवताना काखेत हात घालायचा नाही, पाठीमागून आणि कमरेला धरायचं. हात हलवायचा तो हळू, पाठीवरच्या फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाला, हाताचा आधार देऊन, आणि तुम्ही बास म्हणाल तिथं बास. पाढे बंद. प्रज्ञा आठवड्यातून तीनदा यायची, शेक द्यायची, विजेच्या मशिनीच्या चकत्या खांद्याला लावायची. मुंग्या आल्या की तुम्ही म्हणायच्या, "पोरी, आत रेडिओ लावलास का काय?" परभणीच्या डॉक्टरांनी खांद्यात एक इंजेक्शन दिलं, त्यानंही फरक पडला.

आणि चोळी. चोळी घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. इतकी साधी गोष्ट, पण मी दीड महिना उलटं करत होते, चांगला हात आधी घालून दुबळा मागून खेचत होते. पहिल्यांदा नीट घातली तेव्हा तुम्हाला कळ आली नाही. तुम्ही आश्चर्यानं खांद्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "आगं, ही चोळी कुनाची?" तुमचीच होती.

मी खडूनं पाटीवर लिहून दारात टांगलं, 'डावा हात उचलून पाहू नये.' तुम्ही विचारलंत, काय लिहिलंय. वाचून दाखवलं. "आता मानसं उजवा उचलत्याल," म्हणालात. आणि खरंच, एका म्हाताऱ्यानं उजवा उचलून बघितला आणि लकवा बरा झाला म्हणून आनंदानं सांगत सुटला. त्या दिवशी आपण दोघी किती हसलो. भिंतीच्या एकाच बाजूला बसून हसायची आपली ती पहिलीच वेळ असावी.

तुम्हाला जन्मभर डाव्या कुशीवर झोपायची सवय. प्रज्ञानं तेही शिकवलं, खांदा जरा पुढं काढायचा, हात उशीवर, पाठीला लोड. त्या दुपारी तुम्ही डाव्या कुशीवर दीड तास झोपलात. घोरत होतात. मी शेजारी बसून तुमच्या खांद्याकडं बघत होते. ह्याच खांद्यावरून तुम्ही दोन घरचं पाणी वाहिलंत, माझ्या सुनंदाला ताप असताना ह्याच खांद्यावर टाकून फिरलात, मी तेव्हा परभणीला प्रशिक्षणाला होते. मला रडू आलं. पण तुम्ही जाग्या झाल्यावर मी म्हणाले, "केवढं घोरता हो अक्का." माझ्या तोंडाला हीच सवय.

डिसेंबरापर्यंत खड्डा एका बोटाएवढा राहिला. हात फार काही हलला नाही, पण दुखणं मावळलं. डावा हात मांडीवरच्या परातीवर ठेवून ती दाबून धरण्याएवढा जोर त्यात आला आणि तुम्ही उजव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलायला लागलात. त्या दिवशी आपण दोघी ओसरीवर बसून सोलत होतो. ऊन छान होतं. मधेच तुम्ही न बघताच विचारलंत.

"मास्तरीण, एक सांग. तू मला नाटक करायलीस म्हनलीस. व्हतं का नाटक?"

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तुम्हाला खरंच उत्तर हवं होतं. तीन अक्षरांचं उत्तर होतं, आणि त्यापुढं अजून थोडं, की दुखवलं मीच. मी शेंगांतल्या अळ्या वेचत बसले, मग म्हणाले, "दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल." आणि उठले. गॅसवर काही नव्हतं. आत जाऊन मी रिकाम्या शेगडीसमोर उभी राहिले. परत आले तेव्हा तुम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागला होतात, वांग्याच्या भावाचं.

नंतरचे आठ दिवस मी रोज ठरवत होते. उद्या चोळी घालताना सांगू. उद्या शेक देताना सांगू. तुम्हीही परत विचारलं नाहीत. नवव्या दिवशी सकाळी चूळ भरता भरता तुम्ही बाजूला कललात आणि माझ्या हातात यायच्या आधी गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. मी तुम्हाला धरलं ते पाठीमागून, कमरेला. शिकवलं होतं तसं, अगदी बरोबर.

काल संध्याकाळी प्रज्ञा भेटायला आली. तुमच्या खाटेजवळ बसली. मग म्हणाली, "बाई, बाजारतळापाशी एक पेशंट आहेत, भांडी विकायचे ते म्हातारबाबा. त्यांची सून माझं ऐकत नाही. म्हणती, तू कालची पोर. तुमी येता का?" मी म्हटलं, मी काय डॉक्टर आहे का? ती म्हणाली, "तुमचं ऐकतील. गावात सगळे म्हणतेत, सेवा करावी तर तुमच्यासारखी." हे ऐकून नाहीच म्हणावंसं वाटलं, पण घरात तरी काय करणार होते. चप्पल घातली.

म्हातारबाबांची वाचा गेलेली. सून तिशीची, भाजी चुलीवर, एक पोर कडेवर. मला बघून तिनं पदर सावरला आणि तक्रारच सुरू केली. "बाई, तुमीच समजून सांगा ह्यास्नी. व्यायाम करूच देईनात. हाताला हात लावला की बोंबलत्यात. नाटकं हायत समदी." म्हातारबाबा भिंतीला टेकून बसलेले, उजवा हात मांडीवरून खाली लोंबलेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. अक्का, ते पाहणं मला ओळखीचं होतं. मी सांगायचं ते सांगून बसलोय, आता कुणाला सांगू, असं.

मी एक उशी मागून घेतली आणि त्यांचा हात उचलून त्यावर ठेवला. मग खाली बसले आणि सुनेला म्हणाले, "तुला प्रज्ञा सांगती ते खरं आहे. माझ्या जावेचा खांदा मी दुखवला. मनगट धरून रोज ओढायचे. त्या ओरडायच्या आणि मी म्हणायचे, नाटक करता."

सुनेनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. प्रज्ञा माझ्याकडं बघत राहिली. माझा आवाज कापत होता, पण शाळेत कापला तरी पुढचं वाक्य बोलावंच लागतं.

"नाटक नव्हतं," मी म्हणाले. "लय दुखत होतं त्यांना. यांनाही दुखतंय. त्यांचं खरं मान."

म्हातारबाबांनी डोळे मिटले. त्यांच्या घशातून 'हं' असा आवाज निघाला, लांबलचक. सुनेनं पोर खाली ठेवलं आणि उशी नीट केली, अजून थोडी वर.

परत येताना बाजारतळावरचे दिवे लागत होते. पस्तीस वर्षांत तुमच्याशी एवढी भांडले, पण तुमचं बरोबर आणि माझं चूक असं एकदाही म्हणाले नाही. काल पहिल्यांदा म्हणाले, चार माणसांच्या देखत, स्पष्ट शब्दांत. मग कुलूप काढून घरात शिरले. हे ज्यांना ऐकायचं होतं, त्या घरात नव्हत्या.